शाळेची हद्द बदलली, तर नेमके काय हरवते?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या उपनगरांमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घर, शाळा आणि मुलांचे गुण हे तीन विषय एकमेकांत असे काही गुंतून गेले आहेत की, शाळेच्या हद्दीची रेघ थोडीशी सरकली तरी एरवी समंजस असलेली माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात. मी मेरीलँड राज्यातल्या हॉवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) राहते आणि हे जवळून पाहत आले आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले, सुना-जावई, भाचे-पुतणे इकडे आहेत. त्यांच्या घरासाठी सुरुवातीला जी रक्कम भरावी लागते, तिला कित्येकांनी आपल्या निवृत्तीच्या पैशांतून हातभार लावलेला असतो आणि ‘चांगल्या शाळेच्या भागातच घर बघा’ हा सल्लाही त्याच मायेने दिलेला असतो. त्यामुळे हा विषय मराठी वृत्तपत्रात मांडणे मला गरजेचे वाटते.

येथील व्यवस्था थोडक्यात सांगते. मेरीलँडमध्ये सरकारी शाळांचा कारभार गावोगावच्या संस्थांकडे नसून काउंटीच्या शिक्षण मंडळाकडे असतो. बाल्टिमोर शहर धरून राज्यात अशी २४ मंडळे आहेत. मूल कोणत्या शाळेत जाणार, हे घराच्या पत्त्यावरून ठरते. त्यासाठी प्रवेश परीक्षा नाही, मुलाखत नाही, देणगीही नाही. काउंटीचा सगळा नकाशा लहान लहान तुकड्यांत वाटलेला आहे, त्यांना इथले लोक ‘पॉलिगॉन’ म्हणतात आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. एखाद्या शाळेत मुले मावेनाशी झाली की मंडळ काही तुकडे तिच्याकडून काढून दुसऱ्या शाळेला जोडते. घराच्या जाहिरातीत शाळेचे नाव ठळक असते. ही हद्द पुढे बदलू शकते, ही गोष्ट मात्र घर घेताना कोणी मनावर घेत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे शिक्षण अधीक्षक मायकेल मार्टिरानो यांनी सुमारे ७,४०० विद्यार्थ्यांच्या शाळा बदलणारा आराखडा मांडला. काही शाळा इतक्या भरल्या होत्या की आवारात तात्पुरत्या खोल्या उभ्या करून त्यांत वर्ग भरवावे लागत होते आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाच्या शाळांत बाके रिकामी होती, हे त्यामागचे एक कारण होते. दुसरे कारण अधिक नाजूक होते. गरीब घरांतली मुले ठरावीक शाळांत एकवटत चालली होती. शाळेत मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण मिळण्यास किती मुले पात्र आहेत, यावरून येथे शाळेतल्या गरिबीचा अंदाज घेतात. क्लार्क्सव्हिलच्या रिव्हर हिल हायस्कूलमध्ये अशी मुले पाच टक्क्यांच्या आसपास होती, तर तिथून काही मैलांवर असलेल्या वाइल्ड लेक हायस्कूलमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक. २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सिएटल आणि लुईव्हिल येथील प्रकरणांत निकाल दिल्यानंतर विद्यार्थ्याच्या वंशावरून त्याची शाळा ठरवणे शाळा मंडळांना जवळपास अशक्य झाले. त्यामुळे शाळांमधली दरी कमी करायची तर कुटुंबाच्या उत्पन्नाकडे पाहायचे, ही वाट अनेक मंडळांनी धरली आणि आमच्या काउंटीनेही तीच धरली.

हे सारे जिथे घडले, त्या कोलंबिया नगराचा इतिहास मुद्दाम सांगण्याजोगा आहे. जेम्स राउज या विकासकाने १९६० च्या दशकात शेतजमिनी विकत घेऊन हे नगर वसवले आणि १९६७ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. गोरे-काळे, श्रीमंत-गरीब यांनी शेजारी शेजारी राहावे हाच त्याचा हेतू होता. वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांसाठी प्रार्थनेची एकच वास्तू बांधली गेली. शेजाऱ्यांची रोज गाठ पडावी म्हणून टपालाच्या पेट्यासुद्धा घराघरापुढे न ठेवता एका जागी ओळीने उभ्या केल्या गेल्या. याच नगरात आणि त्याच्या आसपास पन्नास वर्षांनंतर आपल्या मुलाने तीन मैल पलीकडच्या शाळेत जाऊ नये म्हणून शेकडो पालक फलक घेऊन उभे राहिले. त्यांत चिनी, कोरियन आणि गोरे पालक होते तसे भारतीयही होते. सुनावण्या रात्री उशिरापर्यंत चालत. लोक वाट्याला आलेल्या मोजक्या मिनिटांत कागदावरून वाचून दाखवत, मागे बसलेले हात हलवून पाठिंबा देत. मंडळाला आलेल्या पत्रांपैकी काही इतकी विखारी होती की त्यांची बातमी देशभर गेली. अखेर २१ नोव्हेंबर २०१९ रोजी मंडळाने सुमारे ५,४०० विद्यार्थ्यांच्या शाळा बदलण्याचा निर्णय केला. तो २०२० च्या शैक्षणिक वर्षापासून अमलात आला, म्हणजे ऐन महासाथीत. ज्या मुलांना नव्या शाळेत नवे मित्र जोडायचे होते, त्यांनी ती शाळा कित्येक महिने फक्त संगणकाच्या पडद्यावर पाहिली.

पालकांच्या तक्रारी सगळ्याच खोट्या होत्या असे मी मुळीच म्हणणार नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्या सवंगड्यांपासून तोडणे ही किरकोळ गोष्ट नाही. जी शाळा पायी गाठता येत होती, तिच्याऐवजी बसने लांबच्या शाळेत जायचे म्हणजे सकाळची झोप गेली, दुपारनंतरचा खेळ गेला. ज्या घरी आई-वडील दोघेही नोकरीला आहेत आणि आजी-आजोबा सात समुद्रांपलीकडे आहेत, तिथे बस चुकली तर मुलाला आणायला कोण जाणार, हा रोजचा प्रश्न असतो. काही वस्त्यांची हद्द थोड्या थोड्या वर्षांनी पुन्हा पुन्हा बदलली गेली आहे आणि एकाच घरातली भावंडे वेगवेगळ्या हायस्कूलांत गेली आहेत. शिवाय मुळात शाळा भरून वाहू लागतात त्या कोणाच्या परवानगीने? जिथे शाळेत जागा उरलेली नाही, तिथे नव्या घरांना मंजुरी मिळत राहते, विकासक घरे विकून मोकळा होतो आणि पाच-सात वर्षांनी शिक्षण मंडळ नकाशा आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसते. काउंटीचे तेरावे हायस्कूल, जेसपचे गिलफर्ड पार्क, २०२३ मध्ये उघडले. ते काही वर्षे आधी उभे राहिले असते तर २०१९ चा निम्मा कडवटपणा टळला असता, असे माझे मत आहे. हे प्रश्न पालकांनी विचारलेच पाहिजेत आणि ते खड्या आवाजात विचारले पाहिजेत.

परंतु त्या सुनावण्यांत, आणि त्याहून अधिक आपापसांतल्या बोलण्यात, वारंवार ऐकू आला तो मुद्दा वेगळाच होता. ‘या शाळेसाठी आम्ही जास्त पैसे मोजले आहेत,’ असे लोक म्हणत होते. त्याच्या मागोमाग, जरा खालच्या आवाजात, ‘तिथल्या मुलांबरोबर आमची मुले मागे पडतील’ हेही येत होते. या दोन वाक्यांना माझा स्पष्ट विरोध आहे.

काउंटीतल्या सर्व सरकारी हायस्कूलांचा अभ्यासक्रम एक आहे, शिक्षकांची वेतनश्रेणी एक आहे, त्यांना नेमणारे मंडळ एक आहे आणि पैसा एकाच अंदाजपत्रकातून येतो. मग अमुक शाळा दहापैकी नऊ आणि तमुक शाळा दहापैकी पाच, हे आकडे येतात कुठून? घरे विकणाऱ्या संकेतस्थळांवर जे मानांकन दिसते, त्याचा मोठा भाग परीक्षेतल्या गुणांवर उभा असतो. आणि परीक्षेतले गुण हे घरचे उत्पन्न, आई-वडिलांचे शिक्षण आणि बाहेरच्या शिकवण्या यांच्या मागोमाग चालतात. ज्या वस्तीत दोन-दोन पदव्युत्तर पदव्या घेतलेले आई-वडील राहतात, तिथल्या शाळेचे गुण चांगले असणारच. त्यात त्या शाळेने नेमके काय शिकवले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आपण ज्यासाठी घराची जादा किंमत मोजली, ते बहुतेक शेजारी आहेत, शिक्षण नव्हे. आणि शेजारी म्हणून जी मुले आपल्याला चालत नाहीत, त्यांच्या आया आपल्याच कचेरीची साफसफाई करतात, आपल्याच दवाखान्यात रात्रपाळीला असतात, हे आपण विसरून चालणार नाही. ती मुले हुशार नाहीत, असे कोणी ठरवले?

आता अभ्यासाच्या ताणाविषयी. हद्दीच्या वादापासून हा विषय वेगळा काढताच येत नाही, कारण दोन्ही ठिकाणी एकच भीती काम करत असते. उत्तर अमेरिकेत अनेक गावी रविवारी मराठी शाळा भरतात, पालक स्वेच्छेने शिकवतात आणि त्यामागचे श्रम मला फार मोलाचे वाटतात. अशाच एका वर्गात हायस्कूलच्या अकरावीतली एक मुलगी लहान मुलांना मदत करायला येत असे. मेरीलँडमध्ये हायस्कूल पूर्ण करण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला ७५ तासांची समाजसेवा करावी लागते, तिचे ते तास चालले होते. ती फळ्यावर ‘क का कि की’ लिहायची, मुले वहीत उतरवून घेईपर्यंत मागे वळायची आणि टेबलावर उघड्या ठेवलेल्या कॅल्क्युलसच्या कागदावर दोन ओळी सोडवायची. पुन्हा फळा, पुन्हा कागद. तासभर हे चालले होते आणि तिला त्यात काही वेगळे करतो आहोत असे वाटतही नव्हते. बाहेर व्हरांड्यात पालक मुलांची वाट पाहत उभे असताना बोलणे चालले होते ते कोणाच्या मुलाने कितवीत बीजगणित संपवले, कोण किती ‘एपी’ घेणार, गणिताची कोणती शिकवणी चांगली आणि कोणाचे घर कोणत्या हायस्कूलच्या हद्दीत येते, याचे.

एपी म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच शिकायचे महाविद्यालयीन दर्जाचे विषय. दोन-चार घेतले तर त्यात वावगे काही नाही. पण मुले दहा-दहा, बारा-बारा घेतात, कारण शेजारच्याने घेतलेले असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने सरासरी गुणांक काढताना अशा विषयांसाठी मिळणाऱ्या जादा गुणांवर आठ सत्रांची मर्यादा ठेवली आहे, म्हणजे त्यापुढे ओझे वाढवून तो आकडा वाढत नाही. तरीही ओझे वाढतच राहते.

हा ताण काल्पनिक नाही. न्यू जर्सीच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो भागात मराठी कुटुंबे भरपूर आहेत. तिथले शिक्षण अधीक्षक डेव्हिड एडरहोल्ड यांनी २०१५ मध्ये पालकांना सोळा पानांचे पत्र लिहिले. आधीच्या शैक्षणिक वर्षात आपल्या शाळांतल्या १२० विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावे लागले आणि ४० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी हायस्कूलच्या सहामाही व वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त ठरवल्या आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांना पुढच्या इयत्तांचे गणित शिकवण्याला आवर घातला. त्यावर पालकांत फूट पडली. ‘आमच्या मुलांची प्रगती रोखता’ असा आक्षेप घेणाऱ्यांत आशियाई वंशाचे पालक मोठ्या संख्येने होते. त्यांना साथ न देणारे आशियाई पालकही होते, हेही नोंदवायला हवे. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये तर शाळकरी मुलांच्या आत्महत्या इतक्या झाल्या की २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेचे पथक चौकशीसाठी तिथे आले. ही दोन्ही गावे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या शाळांची. ज्या शाळेच्या हद्दीत शिरण्यासाठी आयुष्यभराचे कर्ज काढतात, तशाच या शाळा.

मला सर्वांत जास्त खुपते ते हे, की ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप होतो त्या कारणानेसुद्धा तो फारसा उपयोगी नाही. अमेरिकी महाविद्यालयांचे प्रवेश अधिकारी अर्जासोबत त्या हायस्कूलची माहितीही वाचतात. तिथे कोणते विषय शिकवले जातात, तिथल्या इतर मुलांनी काय केले, आणि मिळालेल्या संधीचे या मुलाने काय केले, असे ते पाहतात. म्हणजे तीच तयारी, तेच विषय आणि तेच छंद असलेली चाळीस मुले ज्या शाळेतून अर्ज करतात, तिथे एकेकाला वेगळे दिसणे अवघड होते. टेक्सासमध्ये तर १९९७ पासून असा कायदा आहे की कोणत्याही हायस्कूलच्या वरच्या दहा टक्क्यांत येणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही मर्यादा पुढे आणखी कमी झाली, परंतु तत्त्व तेच राहिले. त्या राज्यात अतिचुरशीच्या शाळेसाठी धडपडणारे पालक आपल्याच मुलाची वाट अरुंद करत असतात. हे गणित आपल्या अभियंत्यांना कळत नसेल असे नाही. पण ‘वरची शाळा’ या कल्पनेची पकड इतकी घट्ट आहे की त्यापुढे हिशोब चालत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे परके वाटू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या असतात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढून असे ठरवले की जिथे एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिथल्या खासगी शाळांना या तरतुदीतून सूट मिळेल. शहरांत आणि उपनगरांत अशी सरकारी शाळा नसलेला किलोमीटर शोधूनच काढावा लागेल. त्यामुळे एका वर्तुळाच्या जोरावर हजारो मुलांना या शाळांची दारे बंद झाली असती. पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी न्यायालयात धाव घेतली, मुंबई उच्च न्यायालयाने आधी त्या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही पुढच्याच महिन्यात त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तिथले पालक आपल्या मुलाला त्या रेघेच्या आत घ्या म्हणून झगडले, इकडचे पालक दुसऱ्यांच्या मुलांपासून आपले मूल वेगळे राहावे म्हणून. मला पहिल्या लढ्याचा अभिमान वाटतो; दुसऱ्यात आपली माणसे पुढे दिसली की फार वाईट वाटते.

हा प्रश्न मिटलेला नाही. आमच्या शेजारच्या व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीने २०२४ मध्ये आपले धोरण बदलून दर पाच वर्षांनी शाळांच्या हद्दींचा आढावा घेण्याचे ठरवले आहे. तिथेही मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. इतरत्रही वस्ती वाढेल तसे नकाशे पुन्हा उघडले जातील, सुनावण्या होतील आणि आपल्या लोकांनी तिथे जायलाच हवे, कारण स्थलांतरितांनी गप्प बसावे असे मला कधीच वाटले नाही. मात्र तिथे जाऊन मागायचे ते हे मागावे, की हायस्कूल सुरू झालेल्या मुलाला त्याच शाळेत शिक्षण पूर्ण करू द्या. एकदा हलवलेल्या वस्तीला निदान दहा वर्षे पुन्हा हात लावू नका. भावंडांची ताटातूट करू नका. शाळेत जागा असल्याचे दाखवल्याशिवाय नव्या घरांना मंजुरी देऊ नका. आणि ज्या शाळांत गरजू मुले अधिक आहेत तिथे समुपदेशक आणि अनुभवी शिक्षक जास्त द्या. यातली एकही मागणी कोणाच्या मुलाला कमी लेखत नाही. घराची किंमत उतरेल, हा मुद्दा मात्र शिक्षण मंडळापुढे नेऊ नये. ते मंडळ मुलांसाठी आहे.

महाराष्ट्रातल्या आजी-आजोबांनाही माझी विनंती आहे. दर आठवड्याच्या व्हिडिओ कॉलवर नातवंडांना किती गुण पडले, कोणत्या शाळेत नंबर लागला, अमक्याचा नातू कुठे पोचला, हे विचारणे कौतुकापोटी होत असते हे मला माहीत आहे. पण पलीकडे बसलेल्या मुलावर त्याचे दडपण येते आणि त्याच्या आई-वडिलांवर त्याहून अधिक. तिच्या मैत्रिणींची नावे विचारा, तो बसमध्ये कोणाशेजारी बसतो ते विचारा, रात्री किती वाजता झोपता ते विचारा.

आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती. परदेशातल्या मराठी मुलांनी स्पर्धा जिंकल्याच्या आणि नामांकित विद्यापीठांत प्रवेश मिळवल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रे आनंदाने छापतात, त्या वाचून आम्हालाही बरे वाटते. त्याच पानावर कधीतरी या मुलांच्या झोपेबद्दल, त्यांच्या उपचारांबद्दल आणि २५ टक्क्यांच्या जागांवर प्रवेश मिळालेल्या महाराष्ट्रातल्या मुलांचे त्या शाळांत पुढे काय होते याबद्दलही सविस्तर लेखन यावे.

आपली नम्र,
एक मराठी पालक
हॉवर्ड काउंटी, मेरीलँड